संशोधन पद्धती : अकरावीच्या एका धड्याची पार्श्वभूमी

अकरावीला मानसशास्त्र घेतलेल्या बहुतेक मुलांना संशोधन पद्धतींचा धडा रूक्ष वाटतो. निरीक्षण, प्रयोग, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास, चाचण्या. प्रत्येकीची व्याख्या, चार गुण आणि चार दोष पाठ केले की अभ्यास संपला. लातूर असो की बीड, नोट्स याच साच्यातल्या. खरे तर यातली बरीचशी भर आधीची पद्धत कुठे तरी अपुरी पडली म्हणून पडली आहे. ते अपुरेपण समजले की गुणदोष घोकायची गरज उरत नाही.

१८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली. प्रकाश किंवा आवाजाचा अनुभव द्यायचा आणि मनात काय उमटले ते त्या व्यक्तीने स्वतःच सांगायचे, अशा अंतर्निरीक्षणावर तिथे भर होता. पण दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर खरे कोणाचे मानायचे? हर्मन एबिंगहाउस यांनी सांगण्यापेक्षा मोजण्यावर विश्वास ठेवला. अर्थ नसलेले अक्षरगट स्वतः पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचे. हे काम १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९१३ मध्ये जॉन वॉटसन यांनी अंतर्निरीक्षण नाकारलेच. बाहेरून दिसणारे वर्तन तेवढे अभ्यासा, असा त्यांचा आग्रह होता.

भारतात पहिली प्रयोगशाळा १९१५ मध्ये कलकत्ता विद्यापीठात उभी राहिली, वर्षभरात स्वतंत्र विभागही झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. आपल्या भागाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २३ ऑगस्ट १९५८ ला. दरम्यान फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांची १९०५ ची बुद्धिमत्ता चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली होती. भाषा मराठी असली तरी धारवाडच्या मुलांवरून काढलेले मापदंड भोकरदनच्या मुलाला लावावेत का? प्रमाणीकरण (चाचणीचे मापदंड ठरावीक गटावर तपासून पक्के करणे) आणि नमुना निवड (त्यासाठी कोणती मुले घ्यायची ते ठरवणे) या शब्दांचे महत्त्व अशा प्रश्नातून कळते.

माझ्या मते मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी वाचावा असा अभ्यास मात्र बिहारचा आहे. १५ जानेवारी १९३४ ला तिथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या. धक्के जाणवलेल्या, पण पडझड न झालेल्या भागातल्या लोकांत याहून भयंकर संकटांच्या बातम्या फिरत होत्या: वादळ येणार, अमुक तारीख घातक आहे. सगळे निभावले असताना लोकांनी आणखी भीती का पसरवावी? पुढे १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्यानंतर दुर्गानंद सिन्हा यांनी असाच अभ्यास केला. तिथे विध्वंस डोळ्यांसमोर होता आणि तशा अफवा आढळल्या नाहीत. अमेरिकेत लिऑन फेस्टिंजर यांनी हे दोन अभ्यास शेजारी ठेवले. भीती मनात आहे पण तिला कारण दिसत नाही, तेव्हा माणूस ते कारण शोधतो, असा अर्थ त्यांनी लावला. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या की माणूस त्या जुळवायला बघतो, हा वैचारिक विसंगतीचा त्यांचा १९५७ चा सिद्धांत यातून आकाराला आला. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत, ऐकलेले नीट टिपून ठेवणे आणि तुलना करणे, एवढ्यावर हे साधले. एकटा बिहारचा अभ्यास हे सांगू शकला नसता. दार्जिलिंग जोडले गेल्यावर त्याला वजन आले.

आपल्याकडे किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. वाचलेल्यांच्या मनावरचे आघात मानसोपचारतज्ज्ञांनी नंतर मुलाखती घेऊन तपासले. इथे प्रयोग शक्यच नव्हता, कारण एका गटाला भूकंप द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, हे कोणाच्या हातात नसते. म्हणून मुलाखत, व्यक्ती-अभ्यास आणि सर्वेक्षण यांना कमी प्रतीच्या पद्धती म्हणू नये.

नीतिनियमांचा भागही असाच किंमत मोजून आला. १९२० मध्ये वॉटसन यांनी एका तान्ह्या मुलाला मुद्दाम घाबरवले. १९६१ मध्ये स्टॅनली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात, आपण समोरच्याला विजेचे झटके देतो आहोत, असे सहभागींना भासवले. आज अशा प्रयोगांना कुणी परवानगी देणार नाही.

२१ मार्च २०२४ ला हिंगोली परिसरात धक्के बसले. असे पुन्हा घडले तर गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे मेसेज तारीख-वेळेसह उतरवून घ्या. नावे लिहू नका, ग्रुपमधल्या लोकांची संमती घ्या, आणि जिथे धक्का जाणवला नाही अशा एका गावचे मेसेजही सोबत घ्या. दोन्हींकडचे भाकिते करणारे मेसेज वेगळे काढून मोजले, तर बारावीच्या मुलाला झेपेल असा प्रकल्प तयार होतो.