सोळा मण्यांचं तळं

मुलांना शाश्वतता समजावून द्यायची असेल, तर एका वाडग्यात सोळा मणी ठेवा आणि भोवती चार मुलं बसवा. वाडगा म्हणजे तळं, मणी म्हणजे मासे. आपली पाळी आली की हवे तितके मासे काढायचे. फेरी संपली की तळ्यात उरलेले मासे दुप्पट होणार, पण सोळाच्या वर जाणार नाहीत, कारण तळ्यात जागा आणि खाद्य तेवढंच आहे. दहा फेऱ्या खेळायच्या. याहून जास्त काही सांगू नका.

पहिल्या खेपेला तळं बहुधा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच रिकामं होतं. एकजण पाच-सहा उचलतो, ते पाहून दुसरा घाई करतो, चौथ्याच्या हाती वाडग्याचा तळ लागतो. मग भांडण होतं. ते लगेच मिटवायला जाऊ नका, कारण त्यातूनच कोणीतरी म्हणतं, "आधी ठरवून घेऊया ना!"

आता मुलं बोटांवर हिशेब करू लागतात. प्रत्येकी तीन काढले तर चार उरतात, त्यांचे आठ होतात; पुढच्या फेरीत दोन-दोन घेतले की खेळ खलास. प्रत्येकी एकच काढला तर तळं भरलेलं राहतं, पण नव्या माशांना जागाच नसल्याने त्यांची वाढ वाया जाते. प्रत्येकी दोन काढले तर आठ उरतात आणि आठाचे पुन्हा सोळा! दहा फेऱ्यांत प्रत्येकाला वीस, सगळ्यांना मिळून ऐंशी मासे. पहिल्याच फेरीत तळं उपसलं असतं तर सगळे मिळून सोळाच हाती आले असते.

शाश्वतता म्हणजे नेमकं हेच: एखादी गोष्ट ज्या वेगाने पुन्हा तयार होते, त्या वेगाच्या आत राहून ती घेणं. १७१३ साली सॅक्सनीतल्या खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी लाकडाच्या टंचाईला तोंड देताना जंगलाबद्दल हाच विचार मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने त्यात पुढच्या पिढ्यांच्या गरजाही धरल्या. शाळेत मात्र आपण हा विषय पुष्कळदा घोषणांवर आणि रडणाऱ्या पृथ्वीच्या चित्रांवर भागवतो. त्यातून मुलांना भीती तेवढी कळते, हिशेब कळत नाही. साधारण सात ते अकरा वर्षांची मुलं हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधारे उत्तम तर्क करतात, हे मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं. वेगासारखी अमूर्त गोष्ट त्यांच्यापर्यंत मण्यांमधूनच पोचते.

आणि मुलांचं ते 'ठरवून घेऊया' किरकोळ समजू नका. सामायिक कुरणं, जंगलं, मासेमारीची ठिकाणं लोक स्वतःच नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

'टाकाऊतून टिकाऊ' या हस्तकलेबद्दल मात्र मला शंका आहे. जुन्या बाटलीवर नवा गोंद आणि नवी चमकी चिकटवायची आणि प्रदर्शन संपलं की सगळं कचऱ्यात, यात काय टिकलं?

त्यापेक्षा एका खोक्यात बागेतली माती भरा. त्यात वाळकं पान, फळाची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि प्लास्टिकचं वेष्टन वेगवेगळ्या जागी पुरा. प्रत्येक जागी काडी रोवून नाव आणि तारीख लिहा. माती पिळून काढलेल्या फडक्याइतकी ओली राहू द्या. शेजारी असंच दुसरं खोकं ठेवा, पण त्यातली माती आधी उन्हात खडखडीत वाळवून घ्या.

दोन आठवड्यांनी पहिल्यांदा उकरा, मग चौथ्या आणि आठव्या आठवड्यात. ओल्या खोक्यातली साल सहसा सगळ्यात आधी ओळखू येईनाशी होते. कागद मऊ पडून त्याच्यावर बुरशीचे पांढरे धागे दिसतात, चिंधी ओढली की फाटते. कोरड्या खोक्यात मात्र पानही जवळपास पुरलं तसंच निघतं. इथे मुलांना स्वतःहून कळतं की कुजवण्याचं काम करणारं कोणीतरी मातीत आहे आणि त्याला पाणी लागतं. बुरशी आणि जिवाणू विकरं, म्हणजे पदार्थ तोडायला मदत करणारे रस, सोडून पानातल्या, कागदातल्या, सुतातल्या सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींच्या धाग्यांमधल्या मुख्य पदार्थाचे, तुकडे करतात. वेष्टनाच्या प्लास्टिकमधल्या लांबच लांब साखळ्या तोडणं मात्र त्यांना जवळजवळ जमत नाही. (माती उकरल्यावर हात धुण्याची आठवण हवी.)

आठव्या आठवड्यात वेष्टन झटकलं की त्याच्यावरची अक्षरं अजून वाचता येतात. "मग हे कधी कुजणार?" हा प्रश्न येतोच. उत्तर देण्याची घाई करू नका. वेष्टन पुन्हा त्याच जागी पुरायला सांगा, काडीवर आजची तारीखही लिहून घ्या आणि वर्ष संपताना ते खोकं पुढच्या वर्षी या वर्गात येणाऱ्या मुलांच्या हाती द्या.