कॉटरी, पेशंट प्लेट आणि नको तिथे भाजणे

शस्त्रक्रियेत ऊती कापायला आणि रक्तस्राव थांबवायला विजेवर चालणारे जे यंत्र वापरतात, त्याला ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे ‘कॉटरी’च म्हणतात. घरातल्या विजेची वारंवारिता 50 किंवा 60 हर्ट्झ असते, तर कॉटरीची साधारण 3 ते 5 लाख हर्ट्झ. एक लाखाच्या वर गेल्यावर नसा आणि स्नायू प्रवाहाला प्रतिसाद देत नाहीत, म्हणून रुग्णाला झटका बसत नाही. उष्णता मात्र तयार होतेच, आणि धोका तिचाच आहे.

मोनोपोलर पद्धतीत प्रवाह पेन्सिलच्या, म्हणजे सर्जनच्या हातातल्या उपकरणाच्या, टोकातून शरीरात शिरतो आणि त्वचेवर चिकटवलेल्या पेशंट प्लेटमधून यंत्राकडे परततो. दोन्हीकडे प्रवाह तेवढाच. टोक बारीक, म्हणून तिथे ऊती जळतात. प्लेट मोठी, म्हणून तिच्याखाली नुसती ऊब. पण प्लेट सुटून संपर्काचे क्षेत्र निम्मे झाले, तर प्रवाहाची घनता दुप्पट होते आणि तेवढ्याच ऊतीत तयार होणारी उष्णता चौपट.

म्हणूनच प्लेट लावणे हे किरकोळ काम समजू नये. जागा भरघोस स्नायूची आणि चांगल्या रक्तपुरवठ्याची हवी: मांडी किंवा नितंब, शक्यतो शस्त्रक्रियेच्या जवळ. हाडाचा उंचवटा, जुना व्रण, दाट केस, त्वचेखालचे धातूचे रोपण टाळावे. त्वचा कोरडी हवी, आणि जंतुनाशक द्रव ओघळून प्लेटखाली साचता कामा नये. मोठ्यांची प्लेट कापून बाळाला लावू नये. बाळांसाठी वेगळी मिळते. रुग्णाची कूस बदलली की प्लेट पुन्हा पाहावी. दोन भागांची प्लेट वापरल्यास यंत्र स्वतः संपर्क तपासत राहते आणि तो बिघडला की प्रवाह तोडते. आमच्या मते शक्य तिथे तीच वापरावी.

नेहमीच्या सेटिंगवर कॉटरी नीट चालत नसेल, तर ‘पॉवर वाढवा’ म्हणण्याआधी प्लेट, तिची वायर आणि पेन्सिलच्या टोकावरची काजळी पाहावी. कमी परिणाम हा बऱ्याचदा सुटलेल्या प्लेटचा पहिला इशारा असतो. पॉवर वाढवली की तो इशाराच झाकला जातो.

प्रवाहाला दुसरी वाटही सापडू शकते. रुग्णाचा हात टेबलाच्या धातूला टेकला किंवा उघडी त्वचा त्वचेला लागली, तर त्या छोट्या ठिकाणी भाजू शकते. मध्ये कोरडे कापड घालावे. अंगठ्या, बांगड्या आधीच काढाव्यात. वायर धातूच्या चिमट्याला गुंडाळू नये.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उपकरणावरचे वीजरोधक आवरण तडकलेले असले तर ठिणगी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर आतड्यावर पडू शकते, आणि ती इजा काही दिवसांनी उघड होते. आवरण प्रत्येक वेळी तपासावे. टोक दिसत असेल आणि ऊतीला टेकले असेल तेव्हाच पेडल दाबावे.

आगीसाठी इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगी तिन्ही थिएटरमध्ये हजर असतात. अल्कोहोलयुक्त द्रव लावल्यावर केस नसलेल्या त्वचेवर निदान 3 मिनिटे थांबावे. केसांत तो सुकायला तासभरही लागू शकतो. तो सुकेपर्यंत चादरी अंथरू नयेत, नाहीतर वाफ खाली कोंडते. चेहरा आणि मानेच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला चालत असेल तर ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या खाली ठेवावा. नायट्रस ऑक्साइडही ज्वलनाला ऑक्सिजनसारखीच मदत करतो. वापरात नसलेली पेन्सिल रुग्णाच्या अंगावर न ठेवता तिच्या खोळीतच ठेवावी, आणि यंत्राचा आवाज कधीही बंद करू नये. चुकून बटण दाबले गेले, तर तो आवाजच सांगतो.

पेसमेकर असेल तर बायपोलर बरे, कारण त्यात प्रवाह चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहतो. मोनोपोलर टाळता येत नसेल, तर पेन्सिल ते प्लेट हा मार्ग पेसमेकर आणि त्याच्या तारांपासून दूर जाईल अशी प्लेट लावावी आणि प्रवाह काही सेकंदांच्या तुकड्यांत द्यावा. हृदयाला आपोआप शॉक देणारे यंत्र बसवलेले असल्यास त्याचे शॉक आधी तज्ज्ञाकडून बंद करून घ्यावेत, बाहेरचा डिफिब्रिलेटर (छातीवरून शॉक देणारे यंत्र) जवळ ठेवावा आणि नंतर ते शॉक आठवणीने पुन्हा सुरू करावेत.

शेवटी प्लेट ओढून काढू नये, त्वचा सोलली जाते. एका हाताने त्वचा धरून हळू सोडवावी, खालची जागा पाहावी आणि ती कशी होती ते नोंदवहीत लिहावे.