थर्मामीटर नॉर्मल, तरी हातपाय गार

रात्रीचे अडीच. पांघरूण पायाने लोटून दिलं की पाच मिनिटांत पावलं गारठतात. पुन्हा ओढून घेतलं की मानेवर, छातीवर घाम. उठून थर्मामीटर लावला तर ३६.८ अंश सेल्सिअस. म्हणजे ताप नाही. रक्ततपासणीत काही सापडत नाही, आणि घरी उत्तर तयार असतं: "मनाचे खेळ आहेत, दुसरं काही नाही."

चिंताविकार किंवा नैराश्य सोसणाऱ्या अनेकांना हे अनुभव पाठ असतात. रिपोर्ट नॉर्मल आला की त्यांना सुटल्यासारखं वाटत नाही. आपण खोटे ठरलो, असं वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांना तसं म्हणणाऱ्यांसाठीही. तो घाम खरा असतो, गारठाही खरा असतो, आणि तो कुठून येतो याची बऱ्यापैकी माहिती आता विज्ञानाकडे आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखणं हे त्याचं एक काम. हे तापमान दिवसभर एकसारखं नसतंच: पहाटे सगळ्यात कमी, संध्याकाळकडे सगळ्यात जास्त, आणि फरक साधारण अर्ध्या ते एका अंशाचा. उष्णता साठवायची झाली तर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बाहेर टाकायची झाली तर त्या रुंदावतात आणि घाम सुटतो. जास्त गरज पडली तर कुडकुडून उष्णता तयार होते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी यांना हुकूम पोचवतात त्या सिंपथेटिक नसा. आणि भीती वाटली की ज्या नसा खडबडून जाग्या होतात, त्याही याच. लढण्याची किंवा पळण्याची ही शारीरिक तयारी वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली मांडली. म्हणजे तापमानाची आणि भीतीची यंत्रणा एकाच तारांवर चालते. एकीकडे गडबड झाली की दुसरीकडे ती जाणवणारच.

जेव्हा जीव धास्तावलेला असेल तेव्हा बोटांची टोकं मानेला लावून पाहा. चटका बसावा इतकी ती गार लागतात. बोटांत, तळहातांत, तळपायांत रोहिणी आणि नीला यांना थेट जोडणाऱ्या छोट्या वाटा असतात. सिंपथेटिक नसांनी त्या मिटल्या की बोटांकडे येणारं उबदार रक्त एकदम कमी होतं. त्याच वेळी तळहात ओले होतात, कारण तळहात-तळपायांच्या घामग्रंथी उकाड्यापेक्षा भावनेला जास्त दाद देतात. एरवी घाम येतो तेव्हा त्वचेकडे रक्तही वाढलेलं असतं. इथे रक्त आटलेलं आणि घाम मात्र सुटलेला. आपण 'थंड घाम फुटला' म्हणतो तो हाच, आणि हे वर्णन शब्दशः अचूक आहे.

पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे भीतीच्या अचानक येणाऱ्या झटक्यात, हे सगळं काही मिनिटांत शिगेला पोचतं. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत त्याची १३ लक्षणं दिली आहेत, आणि थंडी वाजणं किंवा अंगातून वाफा निघणं हे त्यांपैकी एक. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं.

याहून चकवणारा प्रकार म्हणजे ताणामुळे प्रत्यक्ष चढणारा ताप. काहींना भावनिक प्रसंगी एकदम चढतो, तर काहींना ३७ ते ३८ अंशांमधला बारीक ताप कित्येक आठवडे राहतो. पॅरासिटामॉल घेऊनही तो हटत नाही, आणि इथेच घरचे चक्रावतात. जंतुसंसर्गात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन हायपोथॅलॅमसला तापमान वाढवायला लावतं. पॅरासिटामॉल हे रसायन तयार होऊ देत नाही, म्हणून ताप उतरतो. ताणाच्या तापात सिंपथेटिक नसा थेट उष्णता वाढवतात. गोळीने अडवावं असं तिथे काहीच नसतं.

जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उंदरांमध्ये या तापाचा रस्ताच शोधून काढला. दांडगट उंदराच्या तावडीत सापडलेल्या उंदराचं तापमान आणि हृदयाचे ठोके वाढतात. मेंदूच्या पुढच्या भागातून हायपोथॅलॅमसकडे जाणारी एक विशिष्ट जोडणी तोडली, तेव्हा ही वाढ झाली नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: जोडणी तोडलेले उंदीर त्या दांडगटाला टाळेनासेही झाले. त्यांचा ताप गेला, आणि त्याच्यासोबत भीतीने दूर पळणंही गेलं. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत हे खरं, पण असा निकाल समोर असताना 'शरीराचं की मनाचं' हा प्रश्न मला तरी पोकळ वाटतो.

नैराश्यात चित्र संथ असतं. रात्री तापमान जितकं उतरायला हवं तितकं अनेक रुग्णांत उतरत नाही, असं जुन्या अभ्यासांतही दिसलं होतं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०६ देशांतल्या २० हजारांहून अधिक लोकांच्या तापमानाच्या नोंदी तपासल्या गेल्या. नैराश्याची लक्षणं जितकी तीव्र, तितकं सरासरी तापमान किंचित जास्त आढळलं. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

आता अडीच वाजताच्या त्या पांघरुणाकडे येऊ. झोप लागण्याआधी शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर सोडतं, म्हणूनच पावलं उबदार असली की झोप लवकर लागते. चिंतेने पावलांच्या रक्तवाहिन्या मिटलेल्या राहिल्या तर पाय गार, आणि उष्णता आत कोंडलेली. मग छातीवर घाम येतो आणि झोप येत नाही. अशा वेळी अख्खं अंग गुंडाळण्यापेक्षा पायमोजे घालून वरचं पांघरूण हलकं ठेवणं जास्त उपयोगी.

कधी औषधही कारण असतं. एसएसआरआय गटाच्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी दहांतल्या सुमारे एका रुग्णाला जास्त घाम येतो. उलट जुन्या पिढीच्या काही गोळ्या घाम कमी करतात, आणि कडक उन्हात ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून गोळी परस्पर बंद मात्र करू नका. डोस किंवा औषध बदलता येतं, डॉक्टरांना सांगा. गोळ्या सुरू असताना अंग ताठरलं, थरथर सुटली आणि ताप वाढत गेला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

तपासण्या टाळा असं मी कधीच म्हणणार नाही. थायरॉइड वाढला तर धडधड, घाम आणि अस्वस्थता. तो मंदावला तर थंडी, थकवा आणि उदासी. रक्तक्षयातही हातपाय गार पडतात, आणि रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा निघतात. हे सगळं आधी तपासायलाच हवं. माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे: "सगळं नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही." पहिल्या अर्ध्या वाक्यावरून दुसरं अर्धं निघत नाही.

दुसरी बाजूही आहे. १९९९ साली १४ देशांतल्या प्राथमिक दवाखान्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या निकषांत बसणाऱ्या रुग्णांपैकी ६९ टक्के लोक डॉक्टरांकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. तेव्हा जाताना कागदावर लिहून न्या: किती वाजता घाम आला, तेव्हा तापमान किती होतं, हात कधी गार पडले, कोणत्या गोळ्या सुरू आहेत. आणि त्याच कागदावर, त्याच यादीत, हेही लिहा की तीन आठवडे झाले, कशातच मन लागत नाहीये.