शालेय पोषण आहाराची तक्रार परत का येते? अर्ज करण्याआधी एवढं बघा

"आहार निकृष्ट आहे, योग्य ती कारवाई व्हावी." एवढ्याच मजकुराचे अर्ज मी कितीतरी पाहिलेत, आणि त्यांवर आलेलं "तपासणी केली, आहार समाधानकारक आढळला" हे उत्तरही. तपासणीला साहेब येतात त्या दिवशी वरण घट्टच असतं!

पात्रता सोपी आहे. सरकारी, जिल्हा परिषद, पालिका किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत शिकणाऱ्या मुलाला शाळेच्या दिवशी मोफत जेवण हा 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. विनाअनुदानित खासगी शाळा यात येत नाहीत.

अर्जात "निकृष्ट" लिहून भागत नाही, आकडे लागतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी 150, 30, 75 आणि साडेसात. म्हणजे पाचवीपर्यंतची 40 मुलं जेवली तर 800 ग्रॅम डाळ शिजायला हवी. तारीख, हजेरी, त्या दिवशीचा पदार्थ आणि साठा नोंदवहीत खर्ची दाखवलेली डाळ, हे चारही लिहा.

अडतं ते नोंदवहीपाशी. वाढण्याआधी शिक्षकांसह मोठ्या माणसांनी चव घेऊन नोंद करायची असते. महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या आणि प्रत्येक रकान्यात "उत्तम", अशी वही मी पाहिली आहे. प्रत मागितली की "बाहेर देता येत नाही" म्हणतात. भांडत बसू नका. माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तराची मुदत 30 दिवस. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी सोबत घ्या.

अन्न सुरक्षा भत्त्याबद्दल, म्हणजे न मिळालेल्या जेवणाच्या भरपाईबद्दल, फार गैरसमज आहे. 2015 च्या नियमांनुसार जेवण शिजलंच नाही तर भत्ता मिळतो. वाईट होतं म्हणून मुलाने खाल्लं नाही, तर मिळत नाही. म्हणून दर्जाच्या तक्रारीत भत्ता मागू नका, तेवढ्यावरून अर्ज निकाली काढतात. पुढच्या महिन्याची 15 तारीख ही सरकारने भत्ता देण्याची मुदत आहे, तुमच्या अर्जाची नव्हे. ती उलटली म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकू नका.

अर्ज आधी मुख्याध्यापकांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्यावर अपील राज्य अन्न आयोगाकडे. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्याच. तोंडी सांगितलेलं किंवा व्हॉट्सॲपवर टाकलेलं पुढे कुणी मोजत नाही.

मुलांना उलट्या झाल्या तर मात्र अर्ज नंतर, दवाखाना आधी. केसपेपर जपून ठेवा, उरलेलं अन्न फेकू देऊ नका आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाला कळवा.