हार्ट अटॅकनंतर ‘हलू नका’ हे आलं कुठून?

सकाळी सहाला नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर गेलात तर बायपासवाले, शुगरवाले, दम लागणारे असे कितीतरी लोक ट्रॅकवर फेऱ्या मारताना दिसतात, आणि ह्यांच्याच घरी कोणीतरी रोज म्हणत असतं, अहो बसा ना आता जरा. पप्पांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा नाशिकरोडच्या आत्याने त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. पण आत्याला दोष कसा द्यायचा, एकेकाळी डॉक्टरच हे सांगायचे.

1912 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने हार्ट अटॅकचं नीट वर्णन केलं आणि पुढे कित्येक वर्षं उपचार म्हणजे सहा सहा आठवडे पलंगावर पडून राहणं, का तर हृदयाचा जखमी भाग ताणाने फाटेल ही भीती. पेशंटला घास पण दुसऱ्याने भरवायचा. त्या पडून राहण्याने पायात गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जायच्या आणि माणूस हृदय सोडून भलत्याच गोष्टीने दगावायचा, हे वाचलं की अजून जीव तुटतो. 1952 मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाऊन यांनी 81 पेशंटना लवकर खुर्चीत बसवलं, नुसतं बसवलं हां, चालवलं पण नाही, तरी तेव्हा ते धाडसच होतं.

लगेच 1953 ला लंडनमध्ये जेरी मॉरिसने दाखवलं की डबलडेकरच्या बसून राहणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. मग 1966 चा डॅलसचा प्रयोग, पाच धडधाकट पोरं वीस दिवस पलंगावर, आणि त्यांचा दमसास एवढा घसरला की तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तेव्हाही तो तितका खाली गेलेला नव्हता! माझ्या मते सगळ्या इतिहासात डोळे उघडणारी गोष्ट ही एकच.

खरं तर हे आधी कोणाला सुचलं नव्हतं असं पण नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या आजाराच्या, रोग्याला शंभर योजनं (योजन म्हणजे काही मैलांचं जुनं माप) चालायला सांगितलंय, आणि छातीत कळ येणारा एक माणूस रोज अर्धा तास लाकूड कापून जवळजवळ बरा झाला ही इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डनची नोंद 1802 ला छापली गेली. पण मधल्या काळात आरामच जिंकला.

दम्यासारख्या फुफ्फुसाच्या जुन्या आजारांचंही तसंच, श्वास लागतो म्हणून चालू नका म्हणायचे, ते 1960 च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरला डॉक्टर थॉमस पेटी वगैरेंनी पेशंटना चालवायला घेतलं तेव्हा बदलायला लागलं. चालून ताकद मोजायची टेस्ट आधी बारा मिनिटांची होती, 1982 ला ती सहावर आली.

पप्पांची तीच सहा मिनिटांची टेस्ट झाली. कॉरिडॉरच्या दोन टोकांना वळायच्या खुणेचे दोन शंकूसारखे कोन, बोटाला ऑक्सिमीटर, फिजिओ मॅडम हातात घड्याळ घेऊन, ‘काका, थांबावंसं वाटलं तर थांबा, पण बसू नका.’ पप्पा दोनदा भिंतीला टेकले. तिसऱ्या महिन्यात एकदाही नाही, आणि त्या दिवशी आत्या बरोबर आली होती, कोनापाशी पर्स धरून उभी.