ब्युझिंगेन आम होखराईन

ब्युझिंगेन हे जर्मनीचं गाव, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यातल्या कोन्स्टान्झ जिल्ह्यातलं, पण चारी बाजूंनी स्वित्झर्लंड. ऱ्हाईन नदीच्या काठी, शाफहाउझेन शहराला लागून. वस्ती दीड हजाराच्या आसपास. जर्मनीची मुख्य भूमी सगळ्यात जवळच्या ठिकाणी जेमतेम 700 मीटरवर, पण मधे डोर्फलिंगेन हे स्विस गाव येतं.

हे सगळं एका भाऊबंदकीतून झालं. 1693 मध्ये इथल्या जहागीरदाराला, एबरहार्ड इम थुर्नला, तो कॅथलिक पंथाकडे झुकतोय या संशयावरून त्याच्याच नातेवाईकांनी पळवून शाफहाउझेनच्या हवाली केलं, तिथे आधी देहदंड आणि मग जन्मठेप सुनावली, आणि गावावर हक्क ऑस्ट्रियाचा असल्याने ऑस्ट्रिया खवळलं. दबाव आल्यावर 1699 मध्ये त्याला सोडलं, पण राग काही गेला नाही. पुढे 1770 मध्ये ऑस्ट्रियाने रामझेन आणि डोर्फलिंगेन या गावांवरचे हक्क झुरिचला विकले, ब्युझिंगेन मात्र अडून स्वतःकडेच ठेवलं. नंतर 1805 मध्ये ते वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याकडे आणि 1810 मध्ये बाडेनकडे गेलं.

पहिल्या महायुद्धानंतर गावाने मतदान घेतलं तर तब्बल 96 टक्के लोक स्वित्झर्लंडच्या बाजूने! पण बदल्यात द्यायला स्विस लोकांकडे सोयीची जमीन नव्हती, सगळं तिथेच अडलं. दुसऱ्या महायुद्धात तर रजेवर घरी येणाऱ्या इथल्या सैनिकांना गायलिंगेन या जर्मन गावातल्या सीमाचौकीवर बंदूक ठेवून, गणवेशावर स्विस अधिकाऱ्यांनी दिलेला मोठा कोट चढवून डोर्फलिंगेनमधून चालत जावं लागायचं.

शेवटी 1964 मध्ये दोन देशांनी करार केला, तो 1967 पासून लागू झाला, आणि गाव स्विस कस्टम्सच्या हद्दीत आलं. म्हणजे युरोपियन युनियनच्या देशात असूनही ते युनियनच्या कस्टम्स हद्दीबाहेर. अधिकृत चलन युरो, पण रोजचा व्यवहार बहुतेक फ्रँकमध्ये. पत्त्याला दोन पिनकोड, 78266 जर्मन आणि 8238 स्विस, फोनही दोन्ही देशांचे चालतात, गाड्यांना मात्र वेगळी 'ब्युस' नंबरप्लेट. 1980 मध्ये जर्मनीने उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे केली, स्वित्झर्लंडने केली नाहीत आणि ब्युझिंगेन स्विस वेळेवरच राहिलं, म्हणून कॉम्प्युटरच्या टाइमझोनच्या यादीत आजही या गावाचं वेगळं नाव आहे.

हे वाचायला गमतीचं वाटतं, पण इथे राहणाऱ्यांना त्रास खरा आहे. बरेच जण स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करतात, पगार फ्रँकमध्ये, खर्च स्विस भावाने, आणि इन्कम टॅक्स मात्र जर्मनीचा, जो शेजारच्या शाफहाउझेनपेक्षा बराच जास्त, त्यामुळे तरुण मंडळी स्विस बाजूला राहायला जातात आणि गावात वयस्कर लोकांचं प्रमाण जास्त आहे.