हळदीची रेघ आणि टॅरंटुलाची पेटी
जुना फॉरवर्ड आहे: हळदीची किंवा खडूची रेघ ओढा, मुंग्या ओलांडत नाहीत; टॅरंटुलाच्या, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याच्या, पेटीलाही तेवढं पुरतं.

हळदीला मुंग्या थोडा वेळ बिचकतात, म्हणून तर हा समज टिकला. घरीच बघा. साखरेच्या चार दाण्यांभोवती हळदीचं रिंगण घाला. पंख्याने भुकटी जिथे विरळ होईल तिथूनच रांग लागेल. मुंग्यांच्या औषधी खडूत कीटकनाशक असतं, ते खाद्याच्या रातकिड्यांना आणि कोळ्यालाही मारतं. कात टाकताना टॅरंटुला उताणा, निपचित पडलेला असतो. तेव्हा मुंग्या शिरल्या की संपलंच.

आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, तेच करा. पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर वर साचलेल्या धुळीवरून मुंग्या पार होतात. पेटी भिंतीला टेकवू नका. परभणीच्या मे महिन्यात परात रोज भरावी लागते.